कोणते प्राणिसंग्रहालय प्रवास करून पाहावे? पेशव्यांच्या शिकारखान्यापासून कात्रजपर्यंतचा इतिहास

१/
भोर तालुक्यातील भाटघरहून पुण्याकडे निघालेला रस्ता कापूरहोळला महामार्गाला मिळतो, खेड-शिवापूर मागे टाकतो आणि कात्रजचा बोगदा ओलांडून शहरात उतरतो. तेथे, पुण्याच्या दक्षिण वेशीवरच, राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. भोर-वेल्ह्याकडून येणाऱ्या सहलीच्या गाडीला शहर दिसण्याआधी वाघ भेटतो, तो येथे. सुटीत सहल ठरवताना घराघरांत एक प्रश्न निघतो : कात्रज पाहावे, मुंबईची राणीची बाग पाहावी, की थेट नागपूर गाठावे? या प्रश्नाचे उत्तर तिकिटाच्या दरात किंवा वाघांच्या संख्येत शोधले जाते. ते इतिहासात शोधले, तर निवड अधिक डोळसपणे करता येते. हा धागा त्यासाठी.

२/
आरंभ एका शब्दापासून करू : शिकारखाना. मराठी राज्यव्यवस्थेत ‘अठरा कारखाने’ म्हणून जी खाती सांगितली जातात, त्यांत तोफखाना, पीलखाना, उष्ट्रखाना यांच्या जोडीने शिकारखान्याचेही नाव येते. शिकारीसाठी शिकवलेले चित्ते, ससाणे आणि दूरदेशीचे दुर्मीळ पशू यांची व्यवस्था या खात्याकडे असे. म्हणजे आपल्याकडील प्राणिसंग्रहाचा पूर्वज एक सरकारी खाते होता. जतन किंवा अभ्यास हा त्याचा हेतू नव्हता. धन्याची करमणूक आणि धन्याचे वैभव हे दोन हेतू त्यासाठी पुरेसे होते.

३/
दुर्मीळ प्राणी त्या काळी राजकारणाचे चलनही होता. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गोव्याहून निघाले. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्क याने तो आपल्या राजाकडे रवाना केला. जानेवारी १५१५ मध्ये जहाज निघाले आणि मे महिन्यात लिस्बनला पोहोचले. पोर्तुगालच्या राजाने पुढे तोच गेंडा पोपला नजराणा म्हणून पाठवला. १५१६ च्या प्रारंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात बुडाले. गेंडा पोहू शकतो, पण हा साखळदंडांनी जखडलेला होता. तो जहाजासह गेला.

४/
त्या गेंड्याचे चित्र आल्ब्रेख्ट ड्यूररने १५१५ साली लाकडात कोरले. युरोपात ते पुढे शतकानुशतके गेंड्याचे प्रमाण चित्र मानले गेले. मौज अशी, की ड्यूररने गेंडा कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्याने केलेले वर्णन आणि रेखाटन यांवरून त्याने चिलखत घातल्यासारखा पशू उभा केला. डोळ्यांनी पाहून गेंडा रंगवणारा एक चित्रकार पुण्यात होऊन गेला. त्याचे नाव गंगाराम चिंतामण तांबट.

५/
गंगाराम हा पेशवाईच्या उत्तरकाळातील पुण्याचा चित्रकार. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील सर चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुणे दरबारी आला. त्याच्यासाठी गंगारामने अनेक चित्रे केली. नोव्हेंबर १७९० मधील त्याच्या एका चित्राचा विषय आहे पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा. हे चित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहे. पेशवे तेव्हा सवाई माधवराव होते, वय अवघे सोळा. शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. त्याची स्थापना १७७० च्या सुमारास थोरल्या माधवरावांनी केली, असे सांगितले जाते.

६/
या एका चित्रातून इतिहासाच्या विद्यार्थ्याला बरेच कळते. गेंडा हा दख्खनचा रहिवासी नव्हे. त्याची राने तराईत आणि आसामकडे. तरीही तो पर्वतीखाली होता, म्हणजे कोणीतरी तो धरला, शेकडो कोस चालवत किंवा वाहून आणला आणि येथे बांधला. त्या वाटेत किती माणसे राबली आणि किती प्राणी मेले, हे चित्र सांगत नाही. कोणत्याही प्राणिसंग्रहालयात उभे राहिल्यावर विचारण्याचा पहिला प्रश्न येथेच मिळतो : समोरचा प्राणी येथवर आला कसा?

७/
हा प्रश्न किती गंभीर आहे, ते चित्त्याने दाखवले. मोगलांपासून कोल्हापूरच्या छत्रपतींपर्यंत अनेक दरबारांनी काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले. पण कैदेत चित्त्यांची वीण जवळजवळ होतच नसे. अकबराच्या पदरी हजारभर चित्ते होते, तरी त्यांची वीण होत नव्हती, असे जहांगीरने लिहून ठेवले आहे. कैदेतल्या चित्तीणीला पिल्ले झाल्याची जी एक घटना त्याच्या आत्मवृत्तात आहे, ती अपूर्व म्हणूनच नोंदली गेली. साहजिकच मेलेल्या प्रत्येक चित्त्याची जागा रानातून नवा धरून भरावी लागे.

८/
रान आटत गेले, तसे हिंदी चित्ते मिळेनासे झाले. विसाव्या शतकात कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांना आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले. १९४७ मध्ये मध्य भारतातील कोरिया संस्थानात शेवटचे तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. शिकार आणि माळरानांचा ऱ्हास ही त्याची कारणे होतीच. त्यांत शतकानुशतकांची धरपकडही मिळाली. जो संग्रह रानातून घेतच राहतो आणि रानाला काही परत देत नाही, तो कितीही मायेने राखला तरी शेवटी रान रिकामे करतो. यातून दुसरा प्रश्न निघतो : हा संग्रह रानाकडून केवळ घेतो, की त्याला काही देतो?

९/
दरम्यान युरोपात शिकारखान्यांची दारे सामान्यांना उघडत होती. व्हिएन्नाचा शॉनब्रून संग्रह १७५२ चा, मुळात बादशाही. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये पॅरिसमध्ये राष्ट्राच्या मालकीचा प्राणिसंग्रह उभा राहिला. लंडनचे प्राणिसंग्रहालय १८२८ मध्ये विद्वान सभासदांसाठी सुरू झाले आणि १८४७ मध्ये जनतेसाठी खुले झाले. राजाच्या शौकाचे रूपांतर नगराच्या संस्थेत होण्याचा हा काळ. तीच लाट पुढे मुंबईत पोहोचली.

१०/
मुंबईतील भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. तिचे मूळ नाव व्हिक्टोरिया गार्डन्स आणि मूळ स्वरूप वनस्पतिउद्यानाचे. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली आणि १८९० च्या सुमारास विस्तार होऊन तीत प्राणिसंग्रह वाढला. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय आहे. शेजारीच १८७२ मध्ये खुले झालेले, आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे वस्तुसंग्रहालय आहे. घारापुरी बेटाला ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ हे परकी नाव मिळाले, तो दगडी हत्तीही याच परिसरात उभा आहे. इतिहासप्रेमी प्रवाशाला एका फेरीत एवढे क्वचितच कोठे मिळते.

११/
मराठी संस्थानांनीही आपापल्या बागा लोकांना दिल्या. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १८७९ ची सयाजीबाग, अर्थात कमाटीबाग, प्राणिसंग्रहासह उभी राहिली. नागपूरच्या महाराजबागेच्या नावातच भोसल्यांची आठवण आहे. खेड्यापाड्यातील माणसाला मात्र या बागा दूर होत्या. त्याच्यापर्यंत सिंह आणि हत्ती नेले ते सर्कशींनी. सांगलीजवळच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली. पुढे सांगली-म्हैसाळ परिसरातून सर्कशींची परंपराच निर्माण झाली.

१२/
त्या काळी प्राणी प्रवास करत आणि प्रेक्षक आपल्या गावी बसून पाहत. मराठी माणसाचे उद्योगधाडस म्हणून छत्र्यांच्या कर्तृत्वाचा अभिमान रास्तच आहे. पण रेल्वेच्या डब्यात आणि बैलगाडीवरच्या पिंजऱ्यात आयुष्य काढणाऱ्या वाघाची किंमतही त्या वैभवात मोजली गेली पाहिजे. १९९८ मध्ये केंद्र शासनाने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्याकडून खेळ करून घेण्यास बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. प्राण्याने माणसाकडे जाण्याचा काळ संपला. आता प्रवास माणसाने करायचा आहे आणि म्हणून निवडीची जबाबदारीही त्याच्याकडे आली आहे.

१३/
पिंजऱ्याचे गज हटले, त्याची कथाही पाहू. १९०७ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक याने गजांऐवजी खंदक खोदून प्राणी मांडले. सिंह जणू मोकळ्या खडकावर उभा आहे, असा देखावा तयार झाला. जगभर त्याचे अनुकरण झाले आणि कात्रजचे खंदकही त्याच कुळातले. पण हाच हागेनबेक प्राण्यांचा मोठा व्यापारी होता आणि दूरदेशीच्या माणसांचीही तो प्रदर्शने मांडत असे. खंदकामुळे पिंजरा प्रेक्षकाला दिसत नाही. आतल्या प्राण्याला तो जाणवतच असतो. म्हणून तिसरा प्रश्न : या आवारात प्राण्याला आपल्या नजरेपासून लपायला जागा आहे का?

१४/
आता पुन्हा पर्वतीच्या पायथ्याशी येऊ. सारसबागेच्या शेजारी पुणे महापालिकेने १९५३ मध्ये पेशवे पार्क उभारले. शिकारखान्याच्या परिसरातच लोकांचे प्राणिसंग्रहालय आले, हा इतिहासाचा सुंदर योग. १९५६ मध्ये तेथे ‘फुलराणी’ ही मुलांची आगगाडी धावू लागली. पुण्याच्या दोन-तीन पिढ्यांचे बालपण या बागेशी बांधलेले आहे. परंतु बाग लहान होती आणि भोवती शहर वाढत होते. वाहनांचा गोंगाट, गर्दी आणि अपुरी जागा यांत मोठे प्राणी कोंडले गेले. मुलांच्या गोड आठवणी आणि त्याच आठवणींतल्या वाघाचे चार पावलांचे जग, ही दोन्ही सत्ये एकाच बागेची आहेत.

१५/
बदल घडवला तो कायद्याने. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात १९९१ मध्ये दुरुस्ती होऊन प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. तेव्हापासून मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. प्राण्यांना चिडवणे, खायला घालणे, गोंगाट करून त्रास देणे यांनाही कायद्याने मनाई आहे. आठवड्यातून एक दिवस संग्रहालय बंद ठेवण्याचा नियम आहे. कात्रज आणि राणीची बाग बुधवारी बंद असतात, ते याचमुळे. त्या दिवशी प्राण्यांना माणसांपासून विसावा मिळतो. नोव्हेंबर २००९ मध्ये प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांतील हत्ती इतरत्र हलवण्याचाही आदेश काढला.

१६/
कात्रजची गोष्ट मात्र कायद्याच्या आधीच सुरू झाली होती, तीही सापांपासून. सर्पमित्र नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढून विक्रम केला. साप विनाकारण चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते. १९८६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. दिसला साप की ठेचला, ही त्या काळची सर्वत्र रूढ रीत. सर्पोद्यानाने पाहणाऱ्याला नाग आणि धामण यांतला फरक शिकवला. भोर-वेल्ह्यासारख्या भातशेतीच्या मुलखात हे ज्ञान सापाचा जीव वाचवते आणि माणसाचाही.

१७/
१९९९ मध्ये याच जागी राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले. पेशवे पार्कातील प्राणी टप्प्याटप्प्याने येथे आले आणि २००५ पर्यंत जुने संग्रहालय रिकामे झाले. कात्रजचा परिसर सुमारे १३० एकरांचा असून त्यातील सुमारे ४२ एकर तलावाचे आहेत. हा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातला. अठराव्या शतकाच्या मध्यास येथून दगडी नळाने पाणी पुण्याच्या हौदांपर्यंत खेळवले गेले. म्हणजे पेशव्यांच्या शिकारखान्याचा वारसा फिरून पेशव्यांच्याच तलावाकाठी आला. या वेळी मात्र त्याच्यासोबत कायदा, पशुवैद्य आणि अनाथ वन्यप्राण्यांचे उपचार केंद्रही आले.

१८/
निवड करताना फसवणारे एक आकर्षण म्हणजे पांढरा वाघ. १९५१ मध्ये रीवा संस्थानात ‘मोहन’ नावाचा पांढरा बछडा पकडला गेला आणि जगातील कैदेतले बहुतेक पांढरे वाघ त्याच्याच वंशातले. हा रंग टिकवण्यासाठी बापलेकीचेही मीलन घडवले गेले. अशा रक्तसंबंधांतून तिरळेपणा आणि इतर व्यंगे वाढली. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, आणि त्याची पैदास केल्याने रानातल्या एकाही वाघाचे रक्षण होत नाही. सोळाव्या वर्षीच्या पेशव्याला गेंड्याचे जे अप्रूप असेल, त्याच अप्रूपाचे हे आधुनिक रूप.

१९/
राणीच्या बागेतील पेंग्विन हाही असाच प्रसंग. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून ८ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईला आणले गेले. त्यांचे मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. काही महिन्यांतच एक दगावला आणि मोठा वाद झाला. मार्च २०१७ मध्ये दालन खुले होताच अफाट गर्दी लोटली. पुढे तेथे पिल्लेही वाढली. हा प्रकल्प यशस्वी म्हणायचा की नाही, याचे उत्तर ‘यश’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. मुलांचा आनंद खरा होता. १५१५ चे जहाज आणि २०१६ चे विमान यांमधला प्रश्न मात्र तोच आहे : हा प्राणी एवढा लांब कोणासाठी आणला?

२०/
याच्या उलट टोकाला हेमलकसा. १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी माडिया शिकाऱ्यांकडून एका मारलेल्या माकडिणीचे जिवंत पिल्लू मागून घेतले आणि तेथून अनाथ प्राण्यांचे घर उभे राहिले. जुन्नरजवळ माणिकडोहला वन विभागाचे बिबट निवारा केंद्र आहे. उसात वाढलेले, जखमी झालेले, पुन्हा रानात सोडता न येणारे बिबटे तेथे आहेत. ते प्रदर्शनाची जागा नव्हे. काही ठिकाणी आपण न जाणे हीच त्या प्राण्यांची सर्वांत मोठी सोय असते, हेही प्रवाशाने लक्षात ठेवावे.

२१/
रानाला परत देणारी संग्रहालयेही आहेत. दार्जिलिंगचे पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिसंग्रहालय १९५८ चे. तेथे जन्मलेल्या दोन लाल पांडा माद्या २००३ मध्ये सिंगलीलाच्या जंगलात सोडल्या गेल्या. हरयाणातील पिंजोरला गिधाडांचे प्रजनन केंद्र आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधाने देशातील गिधाडे झपाट्याने मरू लागली, तेव्हा २००१ मध्ये त्या कामाची सुरुवात झाली. आपल्याकडे नागपूरच्या गोरेवाड्यात आधी वन्यजीव बचाव केंद्र आले आणि २६ जानेवारी २०२१ रोजी सफारी खुली झाली. आधी उपचार, मग दर्शन, हा क्रम योग्यच.

२२/
तर सहल ठरवताना इतिहासाने दिलेले प्रश्न असे :
• संग्रहालयाला प्राधिकरणाची मान्यता आहे का?
• तेथील प्राणी कोठून आले, हे फलकावर लिहिले आहे का?
• प्राण्याला सावली, पाणी आणि आडोसा आहे का? तो एकाच रेषेत येरझारा घालतो आहे का? अशा अखंड येरझारा बहुधा कोंडमाऱ्याची खूण असतात.
• संग्रहालय रानासाठी काय करते?
• गोंगाट करणाऱ्या, दगड मारणाऱ्या प्रेक्षकाला तेथे कोणी थांबवते का?
यांतील तीन-चार उत्तरे समाधानकारक असतील, तर लांबचा प्रवास सार्थकी लागेल. नसतील, तर पन्नास वाघ असले तरी वाट वाकडी करू नये.

२३/
या कसोटीवर भाटघरच्या प्रवाशाने काय करावे? पहिली फेरी कात्रजची. सुमारे चाळीस किलोमीटरच्या वाटेवर सर्पोद्यान, पेशवेकालीन तलाव आणि बऱ्यापैकी मोकळी आवारे एकत्र मिळतात. परतताना सारसबागेपर्यंत जाऊन पर्वतीच्या पायथ्याशी थोडे थांबावे. गंगारामचा गेंडा तेथेच कोठेतरी उभा होता. मुंबईला जाणे झाले, तर राणीची बाग तिच्या दीडशे वर्षांच्या वृक्षांसाठी पाहावी. विदर्भात गेल्यास गोरेवाडा. आणि आयुष्यात एकदा जमल्यास दार्जिलिंग. तेथे पाहिलेल्या पांडाचे भाईबंद समोरच्याच डोंगरात मोकळे फिरतात.

२४/
एक गोष्ट उरली. १९२७ मध्ये पूर्ण झालेल्या भाटघर धरणाच्या जलाशयाला आज येसाजी कंक यांचे नाव आहे. त्याच्या काठी पाणकावळे पंख वाळवत बसतात, बगळे मासे टिपतात, आणि राजगड-तोरण्याच्या बाजूच्या रानांत बिबट्याचा वावर आहे. शिकारखान्यातल्या गेंड्याला जे मिळाले नाही, ते या प्राण्यांकडे अजून आहे. चांगले प्राणिसंग्रहालय पाहून आलेल्या मुलाला घरी परतल्यावर हा काठ नव्याने दिसू लागतो. कात्रजला धामण ओळखायला शिकलेल्या मुलाने बांधावरची धामण जाऊ दिली, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले.

#इतिहास #प्राणिसंग्रहालय #पुणे #भोर